तंगीच्या दिवसांतला सिनेमा



घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती बाईच्या करमणुकीला. दूध, भाडे, मुलांची फी थांबवता येत नाही, सिनेमा थांबतो. काटकसर म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण सिनेमा ही निव्वळ चैन आहे काय, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

१९२९ साली अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तेथील कामकऱ्यांत चारांतला एक बेकार झाला. सिनेमागृहेही ओस पडू लागली. तेव्हा मालकांनी एक युक्ती काढली. आठवड्यातल्या एखाद्या मंद दिवशी तिकिटाबरोबर बायकांना चिनीमातीची एक बशी नाहीतर कप द्यावयाचा. बायका दर आठवड्याला जात राहिल्या आणि घरी एकेक भांडे करून संच पुरा होऊ लागला. मालकांचा त्यात धंदा होता, हे खरेच. पण गृहिणीला रिकाम्या हाताने परतावे लागत नव्हते, आणि दोन घटका निवांत बसावयासही मिळत होते.

आपल्याकडेही मंदीच्याच काळात, १९३२ साली, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. राज्य गेलेला हरिश्चंद्र आणि दासी झालेली तारामती! तारामतीचे काम करणाऱ्या दुर्गाबाई खोटे स्वतः सुखवस्तू घरातल्या. सासरची परिस्थिती बिघडली म्हणून त्या चित्रपटात आल्या होत्या. पैसा गेला म्हणजे अब्रू गेली असे नव्हे, हे त्या पडद्यावरही दिसत होते आणि पडद्यामागेही.

सिनेमाने चूल पेटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तंगीत माणूस लाजेने दार लावून घेतो. चारचौघींत बसून हसले, डोळे पुसले, की ती लाज थोडी उतरते. आज चित्रपट मोबाइलवर घरबसल्या दिसतो. परंतु एकटीने पाहण्यात हा आधार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका दुपारी मंडळात सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहावा. त्याला पैसे नसावेत. जिची वर्गणी थकली म्हणून पाऊल अडले आहे, तिला शेजारणीने हाक मारून बरोबर आणावे; आणि वर्गणीचा विषय त्या दुपारी कोणीही काढू नये.