गिरडच्या टेकडीवरील गोटे



समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असलेली टेकडी आहे. तीवर सुपारी-जायफळासारखे गोल दगड विखुरलेले आढळतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांचा माल दगड झाला. क्षमा मागताच वाळक्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला व ते फकिराचे सेवक झाले, अशी आख्यायिका आहे. सहलीस आलेली मुले साहजिकच विचारतात, “गुरुजी, ही खरीच फळे होती काय?”

‘हो’ म्हणणे सोपे. हसण्यावारी नेणे त्याहून सोपे. दोन्ही शिक्षकाला शोभत नाही. खडक उघडा पडला असेल तेथे मुलांना न्यावे व सुटा नव्हे, तर काळ्या खडकात अद्याप रुतलेला गोटा शोधावयास सांगावे. तो सापडला की निम्मे उत्तर मुलेच देतात. व्यापाऱ्याची सुपारी अखंड खडकाच्या पोटात शिरेल कशी? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून शिलारसाचे लोट पसरले. रस निवताना वायूचे बुडबुडे आत अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यातील द्रव्यांनी त्या सावकाश भरल्या. या भरणात झिओलाइट नावाची खनिजे असतात. भोवतालचा खडक झिजून मुरूम झाला, भरण टिकले, गोटे मोकळे झाले. एखादा फुटका गोटा मिळाल्यास भिंगातून पाहावा. आत बी नाही, गर नाही, नुसते स्फटिक.

मात्र ‘फळाचा दगड होतच नाही’ असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना, शिलारसाच्या दोन थरांमधील गाळाच्या खडकात, खरोखरीच अश्मीभूत फळे व बिया सापडल्या. नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. अशा फळांत खनिजे शिरली, तरी आतील बियांची घडण ओळखू येते. गिरडच्या गोट्यांत ती मुळीच नसते. हा भेद फळ्यावर शिकवून कळावयाचा नाही.

टेकडी श्रद्धास्थान आहे. हातोडा नेऊ नये, गोटे खिशात घालून आणू नयेत. जागच्या जागी आकृती काढावी, दोरीने माप घ्यावे. आख्यायिकाही त्याच वहीत, परंतु वेगळ्या पानावर, गावातील वृद्धांच्या तोंडून लिहून घ्यावी. सहल हिवाळ्यात ठेवावी. गर्दीचे दिवस टाळावेत.