ओसाकातील वर्षअखेर आणि धम्माची कसोटी

(संस्थेच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी बोलण्यास सुरुवात करतो. जपानमध्ये काय पाहिले ते सांगा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. जपानच्या आगगाड्या आणि उंच इमारती यांविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. मी एकाच शहराबद्दल आणि वर्षाच्या काही मोजक्या दिवसांबद्दल बोलणार आहे. शहर ओसाका, आणि दिवस डिसेंबरअखेरचे.

आपण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, ८ डिसेंबरला, जपानमधील बौद्ध लोक सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाल्याचा दिवस पाळतात. आपण तो दिवस वैशाख पौर्णिमेला मानतो. जपानने १८७३ पासून इंग्रजी कालगणना स्वीकारली, त्यामुळे तिथले नववर्षही १ जानेवारीलाच सुरू होते. नाताळची रोषणाई भरपूर असते, पण त्या दिवशी सुट्टी नसते. २५ तारीख उलटली की नाताळची सजावट उतरते आणि दारोदारी पाइनच्या फांद्या व बांबू यांची नववर्षाची सजावट उभी राहते. आपण दिवाळीआधी घर झाडून काढतो, तशी तिथे वर्षअखेरीस घरे, दुकाने, मंदिरे धुऊन-पुसून स्वच्छ करतात. ओसाकाच्या कुरोमोन बाजारात नववर्षाच्या जेवणासाठी मासळी घ्यायला इतकी गर्दी उसळते की पाय ठेवायला जागा मिळत नाही. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात. जो तो आपल्या गावी, आपल्या माणसांत जातो.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बौद्ध मंदिरांतील मोठ्या घंटा वाजू लागतात. या घंटेला आत लोलक नसतो. बाहेर दोरांनी टांगलेला लाकडी ओंडका झुलवून तिच्यावर आघात करतात. असे १०८ टोले देतात. माणसाचे मन मलिन करणारे १०८ क्लेश आहेत, आणि जुन्या वर्षाबरोबर ते मागे टाकावेत, असा त्यामागचा भाव. आपण पालीतून 'किलेस' म्हणतो, तोच हा शब्द. थंडीत, अंधारात, लोक रांगेने शांतपणे उभे असतात. कोणी कोणाला ढकलत नाही. पहाटेपासून देवदर्शनाची रीघ लागते. ओसाकातील सुमियोशी हे शिंतो देवस्थान आहे. तिथे पहिल्या तीन दिवसांत वीस लाखांहून अधिक माणसे येतात. रात्री बौद्ध मंदिराची घंटा ऐकणारे कुटुंब सकाळी शिंतो देवस्थानात जाते, आणि त्यात त्यांना विसंगती वाटत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या मनाला मात्र हे खटकते, आणि ते स्वाभाविक आहे.

मित्रहो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ओसाकात शितेन्नोजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. राजपुत्र शोतोकू याने इ.स. ५९३ मध्ये ते उभारण्यास आरंभ केला, असे मानले जाते. ते अनेकदा नष्ट झाले. १९३४ च्या वादळात पॅगोडा कोसळला, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मंदिर जळाले. आजच्या मुख्य इमारती १९६३ मधल्या आहेत. परंपरा सांगते की राजपुत्राने इथे चार संस्था स्थापल्या: धम्मशिक्षणाची शाळा, औषधशाळा, रुग्णालय आणि निराधारांसाठी आश्रयस्थान. म्हणजे जपानमध्ये बौद्ध धम्म आला तेव्हा तो मूर्ती आणि सूत्रांबरोबरच दवाखाना आणि अन्नछत्र घेऊन आला, अशी ही आठवण आहे. आपल्या संस्थेच्या नावात 'कल्याण' हा शब्द आहे. त्याचा अर्थ तिथे दगडाविटांत दिसतो.

पण याच मंदिरापासून पायी अर्ध्या तासाच्या आत कामागासाकी नावाची वस्ती लागते. ओसाकाची गोदी, रस्ते, १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या, त्या रोजंदारी मजुरांची ही वस्ती. पहाटे अड्ड्यावर उभे राहायचे, मुकादमाने घेतले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने परत. आपल्याकडच्या मजूर नाक्यासारखेच समजा. १९६१ साली एका म्हाताऱ्या मजुराला टॅक्सीची धडक बसली. तो जिवंत असताना पोलिसांनी त्याला मेलेला समजून तसेच ठेवले, या संतापातून इथे मोठी दंगल झाली.

या माणसांना वर्षअखेरीची सुट्टी म्हणजे काय? बांधकामे बंद, म्हणून मजुरी बंद. कचेऱ्या बंद, म्हणून मदत मागायलाही दार नाही. भाड्याच्या खोलीचे पैसे संपले की रस्ता, आणि थंडी ऐन भरात. साऱ्या शहराला जे दिवस आनंदाचे, तेच यांना जीव वाचवण्याचे. म्हणून १९७० च्या वर्षअखेरीपासून मजूर आणि कार्यकर्ते तिथे 'हिवाळा ओलांडण्याचा लढा' चालवू लागले. त्रिकोणी बागेत मोठ्या पातेल्यांत अन्न शिजते, आणि रात्री गस्त घालून रस्त्यावर झोपलेल्यांना पांघरूण दिले जाते. १९९० नंतरच्या मंदीत या वस्तीतील मजूर मोठ्या संख्येने बेघर झाले. आज ते वृद्ध झाले आहेत. मजुरांचे जुने केंद्रही २०१९ मध्ये बंद झाले.

आणखी एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. ओसाकाच्या नानिवा भागात चामड्याचे काम करणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. तिथे मोठे ढोल बनत. हे ढोल मंदिरांत आणि उत्सवांत वाजायचे, पण ते बनवणाऱ्याला समाज अपवित्र मानायचा. हलगी आणि डफडे यांचा इतिहास आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. १८७१ च्या सरकारी आदेशाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने संपला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना स्थापन केली. पाच वर्षांनी आपल्याकडे महाडचा सत्याग्रह झाला.

सर्वांत वेदनादायक गोष्ट अशी की बौद्ध मंदिरेही या पापातून सुटली नाहीत. जपानमध्ये मृत व्यक्तीला भिक्खू धम्मनाम देतो. या समाजाच्या मृतांना कित्येक मंदिरांनी 'पशू', 'नोकर', 'चामडे' अशा अर्थांची अक्षरे असलेली नावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. १९७९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत सोतो झेन संप्रदायाच्या नेत्याने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. पीडित समाजाने याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा ते विधान मागे घ्यावे लागले आणि संप्रदायाला स्वतःच्या नोंदी तपासाव्या लागल्या.

हे मी जपानला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. तिथल्या लोकांची शिस्त, स्वच्छता, रांगेतला संयम हे सारे आपण शिकण्यासारखे आहे. पण बौद्ध म्हणवणाऱ्या देशात मंदिर, घंटा, सूत्रपठण सारे असूनही माणूस बाहेर राहू शकतो, हा धडा आपणही घ्यावा. एकटा माणूस असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे आली की धम्म लागतोच, असा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडला आहे. या न्यायाने पाहिले तर शितेन्नोजीची खरी घंटा त्रिकोणी बागेतल्या पातेल्यावर वाजते, असे मला वाटते.

आता आपल्याकडे वळू या. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपल्या संस्था भोजनदान करतात, वैद्यकीय पथके उभी करतात, लोक पुस्तके विकत घेतात. याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ७ तारखेला ते मैदान कोण झाडते? त्या सफाई कामगारांत आपलेच बांधव किती, हे आपण जाणतो. दिवाळीत वसतिगृहाची खानावळ बंद होते, तेव्हा गावी जायला पैसे नसलेला विद्यार्थी कुठे जेवतो? सणासुदीला मजूर नाक्यावर काम नसते, तेव्हा त्या घरात चूल कशी पेटते?

संस्थेने यंदापासून दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. सुट्टीत वसतिगृहात मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांची जेवणाची सोय सभासदांनी पाळीपाळीने आपल्या घरी करावी. आणि आपल्या प्रत्येक कार्यक्रमानंतर मैदान आपण स्वतः झाडावे, मान्यवरांसकट. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी जपानला जाल. वर्षअखेरीची ती घंटा जरूर ऐका. पण सुट्टीच्या दिवशी त्या शहरात उघड्यावर कोण आहे, हेही चालत जाऊन पाहा. मग आपल्या शहरातही पाहा.



नमो बुद्धाय! जय भीम!