इच्छेचे परिमाण आणि गुंतवणुकीची दिशा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



धर्मस्थानाच्या सुवर्णमहोत्सवात गुंतवणुकीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु श्रावकाच्या धनाचा विचार जैन आचारशास्त्राने कधीही वर्ज्य मानलेला नाही. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच गुण न्यायसंपन्न वैभव, म्हणजे न्यायमार्गाने मिळविलेले धन, हा आहे. आणि उत्पन्नाच्या मानाने खर्च करणे हाही त्या गुणांत आहे. साधूंसाठी अपरिग्रहाचे महाव्रत आहे, श्रावकासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत आहे. परिमाण म्हणजे मोजमाप, आणि जो आपले धन मोजत नाही त्याला त्याची मर्यादाही ठरविता येत नाही.

‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावकाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. वाणिज्यग्रामाच्या या गाथापतीची चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापार-व्याजात आणि चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात होती. शिवाय दहा-दहा हजार गाईंचे चार व्रज होते. भगवान महावीरांच्या सान्निध्यात व्रते स्वीकारताना त्याने या संपत्तीचा त्याग केला नाही. मात्र ‘यापलीकडे नको’ अशी रेघ ओढली. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. आपल्याजवळ काय आहे हे त्याला नेमके ठाऊक होते, आणि प्रत्येक भागाचे काम वेगळे होते. निधानातील धन व्यापारात नव्हते आणि व्यापारातील धनावर घरखर्च अवलंबून नव्हता.

आजचा गृहस्थ बहुधा उलट्या क्रमाने विचार करतो. ‘सध्या पैसे कुठे टाकावेत?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. वास्तविक पहिला प्रश्न ‘कशासाठी?’ हा, दुसरा ‘केव्हा लागणार?’ हा आणि तिसरा ‘किती पुरे?’ हा असावयास हवा. येत्या जूनमधील शाळेची फी, आठ वर्षांनंतरचे मुलीचे उच्च शिक्षण आणि पंचवीस वर्षांनंतरचे वार्धक्य या तिन्ही गरजा एकाच कुटुंबाच्या असल्या, तरी त्यांना एकच साधन चालत नाही.

निधानाचा विचार करताना पनवेलकरांना दूर जावयास नको. येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जून २०२० मध्ये निर्बंध घातले, तेव्हा खातेदाराला केवळ ५०० रुपये काढण्याची मुभा होती. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून १ लाख रुपये होती. ती ५ लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे निर्बंधांच्या अवघे चार महिने आधी. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी मिळून, व्याजासह धरली जाते. ज्यांची आयुष्यभराची शिल्लक एकाच ठिकाणी होती, त्यांना हा नियम फार महागात शिकावा लागला. अर्धा टक्का अधिक व्याज म्हणजे अधिक जोखमीचे मोल असू शकते. अडीअडचणीचा पैसा एकाच जागी ठेवू नये, आणि त्याच्याकडून वाढीची अपेक्षाही धरू नये.

दुसरे उदाहरण जमिनीचे. नवी मुंबई विमानतळाला केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली. भूमिपूजन २०१८ मध्ये, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमाने उडू लागली. मान्यतेपासून उद्घाटनापर्यंत अठरा वर्षे गेली. ज्याचे उद्दिष्ट वीस वर्षांनंतरचे होते आणि ज्याने स्वतःच्या पैशाने जमीन घेतली होती, तो निश्चिंतपणे थांबू शकला. परंतु पाच वर्षांनी लागणारा पैसा ज्याने कर्ज काढून त्याच आशेवर गुंतविला, त्याची अडचण उघड आहे. लग्नाचा मुहूर्त विमानतळाची वाट पाहत नाही, आणि गरज पडली म्हणून भूखंडाचा एक कोपरा विकता येत नाही. जमीन दोघांचीही तीच; उद्दिष्टाचा काळ मात्र वेगळा.

उद्दिष्टानंतर स्वभावाचा विचार येतो. सेन्सेक्सने जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांची पातळी गाठली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ८ हजारांच्याही खाली जाऊन आला. पुन्हा २१ हजार दिसावयास २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. तेजीत प्रत्येकजण स्वतःला धाडसी समजतो; खरी वृत्ती पडझडीत कळते. ज्याची अशा काळात झोप उडते, त्याने शेअर बाजारातील वाटा कमी ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र वृत्ती आणि शक्ती यांत भेद आहे. ज्याच्यावर वृद्ध आईवडिलांचा आणि लहान मुलांचा भार आहे, त्याचे मन कितीही धीट असले, तरी नुकसान सोसण्याची त्याची शक्ती मर्यादितच असते. निर्णय या दोहोंपैकी जी लहान असेल तिच्या मापाने घ्यावा.

आपल्याच समाजातील प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र येथे बोलके आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि शेअरच्या सट्ट्याला उधाण आले. त्या सट्ट्याचे ते अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो डोलारा कोसळला. त्यांची अफाट संपत्ती विरली. परंतु त्यांच्या दानातून उभारलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठात आजही उभा आहे.

कोणत्या मार्गाने मिळवावयाचे नाही, हाही श्रावकाच्या गुंतवणुकीचा भाग आहे. शास्त्राने पंधरा कर्मादाने, म्हणजे हिंसाबहुल व्यवसाय, वर्ज्य सांगितले आहेत. स्वतः मद्याचे दुकान न काढणारा गृहस्थ म्युच्युअल फंडाद्वारे मद्यनिर्मितीचा भागीदार होऊ शकतो. प्रत्येक फंड आपल्याजवळील शेअर्सची यादी दरमहा प्रसिद्ध करतो. ती वाचण्याचे कष्ट घेतले, तर ‘माहीत नव्हते’ असे म्हणण्याची वेळ येणार नाही.

दिवाळीत वीर निर्वाणाच्या मंगल पर्वावर नवी वही उघडली जाते. त्या वहीच्या एका पानावर घरातील सर्वांनी मिळून आनंद श्रावकाप्रमाणे मांडणी करावी. निधानात किती, वाढीसाठी किती, घरासाठी किती. कोणती रक्कम कोणत्या कामासाठी आणि कोणत्या वर्षी लागणार. वारसाची नोंद कोठे झाली व कोठे राहिली, हे सर्व त्यात यावे. गृहिणीला हे पान ठाऊक असलेच पाहिजे. कर्ता पुरुष गेल्यावर कपाटातील कागद शोधत बसण्याची पाळी तिच्यावर येऊ नये. त्या पानाच्या तळाशी ‘एवढे पुरे’ असा आकडा लिहावा. त्यावर जे येईल ते सात क्षेत्रांकडे आणि साधर्मिकांच्या साहाय्याकडे वळावे.

ही रेघ ओढलेली नसेल, तर कोणताही परतावा अपुराच वाटतो आणि शेजाऱ्याचा नफा हेच आपले उद्दिष्ट होऊन बसते. रेघ ओढली, की कोणती जोखीम घेण्याची गरजच नाही, हे कळू लागते. परिग्रह-परिमाण व्रताने श्रावकाला दिलेली ही मोकळीक प्रत्येक घराने अनुभवावी.

जय जिनेंद्र.