भाड्याची खोली, बारचा कागद आणि आपली सही

आम्ही खांडबाऱ्याहून बोलतोय.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते मोजून झाले, वही मिटली, तरी एक वहिनी उठेना. मग हळूच म्हणाली, "रस्त्याकडेच्या आमच्या दोन खोल्या एक माणूस बिअर बारसाठी मागतोय. भाडं चांगलं देतो. म्हणतो, लायसन तुमच्याच नावावर काढू, तुम्ही फक्त सह्या करा."

बैठकीत लगेच दोन तट पडले. कोणी म्हणालं, सरकार परवाना देतं, मग पाप कसलं? कोणी म्हणालं, आधीच घरात मार खातोय, त्यात आणखी भर कशाला? शेवटी ठरलं, भांडण नंतर, आधी कायदा समजून घेऊ. जे समजलं ते आज सांगतो.

दारूचा धंदा १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली चालतो. नाव दारूबंदीचं आहे, पण परवानेही त्याच कायद्याने मिळतात. अर्ज राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे जातो, तपासणी होते, आणि आदेश जिल्हाधिकारी देतात. देशी दारूचं दुकान, बिअर शॉपी, बसून प्यायचा परमिट रूम, प्रत्येकाचा परवाना वेगळा. जागेचे कागद लागतात. शाळा, देऊळ यांपासून ठरलेलं अंतर लागतं. महामार्गाजवळच्या दुकानांवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ५०० मीटरची अट घातली, आणि मार्च २०१७ मध्ये छोट्या गावांसाठी ती २२० मीटर केली. पुढे त्यात सवलतीही आल्या, म्हणून आपल्या रस्त्याला काय लागू आहे ते खात्याकडून लेखी घ्यावं. बिअर २१ वर्षांखालच्याला आणि कडक दारू २५ वर्षांखालच्याला देता येत नाही.

बारमध्ये नाच ठेवायचा तर २०१६ चा वेगळा कायदा आणि वेगळा परवाना. २००५ मध्ये सरकारने डान्स बार बंद केले होते. खटला वर्षानुवर्षं चालला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अटी काढल्या, काही ठेवल्या. पैसे उधळायला मनाई राहिली. पण तिथे पोट भरणाऱ्या बाईला कामाचा हक्क आहे, हे न्यायालयाने मानलं. म्हणून तिला नावं ठेवू नका.

आता आपली गोष्ट. आपला नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या वस्तूंची विक्री आणि सेवन यांवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला दिला. राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे नवीन दुकानाचा विषय ग्रामसभेत यायलाच हवा. कोऱ्या रजिस्टरवर अंगठा देऊन घरी येऊ नका. विषय वाचून घ्या, ठराव लिहून झाल्यावरच सही करा.

आधीपासून चालू असलेलं दुकान बंद करायचं तर 'आडवी बाटली' आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्या तपासल्या की गुप्त मतदान होतं. यात एक मेख आहे. निम्म्याहून जास्त मतं लागतात, तीही यादीतल्या सगळ्या महिलांच्या, फक्त आलेल्यांच्या नव्हे. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मत देते. आपल्या किती बाया ऊसतोडीला गुजरातेत असतात! म्हणून मागणी करताना सांगा, होळीला सगळे घरी येतात, तेव्हाच मतदान ठेवा.

आणि आपली चूकही बोलू. मोहाची आपल्याच चुलीवर निघते. विकायला काढली तर तोही गुन्हाच. बारला विरोध आणि मागच्या दारी विक्री, असं केलं तर ग्रामसभेत आपला शब्द कोण ऐकेल?

वहिनीला आम्ही एवढंच सांगितलं, "खोली तुझी, निर्णय तुझा. पण परवाना ज्याच्या नावावर, जबाब त्याचाच. धाड पडली, लहान पोराला दारू दिली, तर तो माणूस बाजूला होईल आणि नोटीस तुझ्या नावाने येईल. नफा त्याचा, केस तुझी."

वहिनीने नाही म्हटलं. खोल्या अजून रिकाम्या आहेत, हे लपवत नाही. पोरीच्या फीची तारीख आली तेव्हा गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं. "नाही म्हण" एवढं सांगून आपण घरी निघून आलो, तर पुढच्या वेळी ती सही करेलच. तिच्या नकाराचा भार थोडा आपणही उचलायला हवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक प्रश्न विचारा : आपल्यापैकी कोणाच्या नावावर, कोणत्या कागदावर, न वाचता सही झाली आहे? उत्तर येईपर्यंत वही मिटू नका.