शेळी दिली, पुढे तिच्या पायांचे काय?
(मंडळीपुढे केलेले भाषण)



आपल्या देणगीतून सातपुड्यातल्या पाड्यांवर शेळ्या दिल्या जातात, हे आपण जाणताच. आज मी त्या शेळ्यांच्या पायांविषयी बोलणार आहे.

शेळीचे खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात. खडकाळ डोंगरात चरताना ते आपोआप झिजतात. पण पावसाळ्यात शेतात पीक उभे असते, म्हणून शेळ्या दारातच बांधल्या जातात. मग खूर वाढतात, कडा आत वळतात, त्यांत शेण-चिखल साचतो आणि खूर सडू लागतो. लंगडणारी शेळी नीट चरत नाही, तिचे दूध आटते, करडू उपाशी राहते. व्यापारी ती पडत्या भावात मागतो, आणि घरात आजारपण असेल तर ती विकावीही लागते.

म्हणून आम्ही पाड्यावर जाताना छाटणीची कात्री सोबत नेतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, असे वर्षातून दोनदा तरी खूर पाहावेत. एकाने शेळी धरावी, दुसऱ्याने काडीने चिखल काढून वाढलेली कड थोडी थोडी कापावी. आतला भाग गुलाबी दिसू लागला की थांबावे, नाहीतर रक्त येते. गाभण शेळीची शेवटच्या महिन्यात धरपकड करू नये.

सडलेला खूर मात्र खोल कापू नये, जखम वाढते. 10 लिटर पाण्यात 1 किलो झिंक सल्फेट विरघळवून त्यात पाय काही मिनिटे बुडवावेत. ते पाणी शेळीला पिऊ देऊ नये. नंतर तिला कोरड्या जागी, इतरांपासून वेगळे बांधावे. कात्री आधी निरोगी शेळ्यांना वापरावी, आजारी शेळीला शेवटी. तोंडात फोड आणि लाळ दिसली तर ती लाळ-खुरकूत असू शकते. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखानाच गाठावा.

एका पाड्यावरच्या आजी हे शिकल्या. लंगडी शेळी मागायला आलेल्या व्यापाऱ्याला त्या म्हणाल्या, “पाय बरा होऊ दे, मग भाव बोलू.” ती शेळी आज त्यांच्याच दारात आहे. शेजारणीही आता आपल्या शेळ्या त्यांच्याकडे आणतात.

एका कात्रीत सारा पाडा भागतो. यापुढे शेळीसाठी देताना कात्रीचा आणि औषधाचाही खर्च धरावा, आणि या कुटुंबांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवावी, ही विनंती.