टाकीतलं लिटरभर पाणी



सरांनी घोकून घेतलेला लॉग मला नोकरीत रोज लागला. टाकी २ घनमीटर, व्हॅक्यूम पंप ताशी १०० घनमीटरचा, दाब १००० मिलीबारवरून १० वर आणायचा. २ भागिले १००, गुणिले १०० चा नैसर्गिक लॉग ४.६, म्हणजे साडेपाच मिनिटं. तसं मी लिहूनही दिलं.

पंधरा मिनिटं झाली, काटा चाळिशीखाली येईना! साहेब मोठा पंप मागवायला निघाले.

टाकीत लिटरभर पाणी राहिलं होतं. ३० अंशांना पाणी ४२ मिलीबारला उकळतं आणि त्या लिटरची ३३ घनमीटर वाफ होते. पंपाला आणखी वीस मिनिटं. हवा होती फक्त दोन घनमीटर.

पंप थांबवून तळाचा ड्रेन कॉक उघडला.