घरातील हवा आणि तिची गाळणी

पौषातल्या सकाळी ग्वाल्हेरचा किल्ला कित्येकदा धुरकटात बुडून जातो. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत, हवेतील सूक्ष्म कणांच्या बाबतीत, हे शहर जगात दुसऱ्या क्रमांकावर होते. अशा गावी घरात दम्याचे मूल असले, म्हणजे हवा शुद्ध करणारे यंत्र ही चैन राहत नाही. मात्र ते कसे निवडावे, याचा विचार दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच व्हावयास हवा.

पहिला प्रश्न गाळणीचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो; फुप्फुसात खोलवर शिरणारे कण २.५ मायक्रॉनहूनही लहान असतात. त्यांना अडविण्यास ‘हेपा’ गाळणी लागते. खरी हेपा ०.३ मायक्रॉनचे निदान ९९.९७ टक्के कण धरून ठेवते. खोक्यावर ‘हेपासारखी’ असे शब्द असतील, तर सावध व्हावे. वायू व वास तिला अडत नाहीत; त्यांसाठी सक्रिय कोळशाचा चांगला जाड थर असावा लागतो. ओझोन सोडणारे यंत्र तर घरात आणूच नये. दमेकऱ्यास तो वायू अपायकारक आहे.

दुसरा प्रश्न मापाचा. श्रोत्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच खोलीत १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासाला ५ वेळा गाळली जावी असे वाटल्यास, तासाला १७० घनमीटर शुद्ध हवा देणारे यंत्र हवे. हा आकडा यंत्रावर ‘सीएडीआर’ या नावाने दिलेला असतो. पण तो सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या वेगाच्या आवाजात मुलाला झोप लागत नाही. म्हणून यंत्र हिशेबापेक्षा थोडे मोठेच घ्यावे, आणि ते दिवाणखान्यात न मांडता मूल जेथे निजते तेथे ठेवावे.

गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते. तिची किंमत आधीच विचारून घ्यावी.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. यंत्र कोंदट खोलीतील कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही. बाहेरची हवा निवळली, की खिडक्या उघडाव्याच लागतात. आणि ज्या खोलीत डासांची कॉइल रात्रभर जळते, तेथे यंत्र लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. आधी ती कॉइल विझवून मच्छरदाणी बांधावी. त्याला फारसा खर्चही येत नाही.